मोती गेल्यानंतर

श्रोतेहो, घरांतलें माणूस गेलें म्हणजे शेजारीपाजारी येऊन बसतात, चार दिवस चुलीची काळजी दुसरेंच कोणी घेतें आणि दुःखाला वाहण्यास एक वाट मिळते. घरांतलें कुत्रें गेलें म्हणजे यांपैकीं कांहींच होत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दूधवाला विचारतो, "आज अर्धा लिटर कमी कां?" आणि त्याला काय उत्तर द्यावें हें सुचत नाहीं. आज मी जी हकीकत सांगणार आहें ती अशाच एका दुःखाची, आणि तें दुःख ओसरण्यापूर्वींच आमच्या घरीं आलेल्या एका मरणोन्मुख कुत्रीची आहे. विषय लहान व घरगुती आहे. परंतु ज्यांनीं मुकें जनावर पाळलें आणि गमावलें, त्यांना तो परका वाटणार नाहीं.

मी शहादें तालुक्यांतला. आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, मधून तापी, आणि तापीच्या दोहों बाजूंस ऊस, केळी, पपई व मिरची यांचीं शेतें. या मुलखांत कुत्रें ही शोभेची वस्तु नव्हे. सातपुड्यांतील भिल्ल व पावरा बांधवांच्या पाड्यांवर तें शेळ्या राखतें. सपाटीवरील शेतांत तें रात्रीं रानडुकरांवर भुंकतें. त्याला भाकरीचा तुकडा मिळतो, खळ्यावर निजायला जागा मिळते, आणि आजारी पडलें तर एखादा कोपरा मिळतो. त्या कोपऱ्यांतून तें उठलें तर उठलें. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत बैल, गाय, शेळी यांची रांग असावयाची. तेथें दोरीला बांधलेलें कुत्रें घेऊन उभें राहिलें तर लोक गालांतल्या गालांत हसत. आतां हें चित्र हळूहळू पालटत आहे, पण माझ्या कथेचा आरंभ त्या हसण्याच्या भीतींतच आहे.

मोती आमच्या घरीं अकरा वर्षें होता. मी शाळेंत शिक्षक होतों तेव्हां तो मला फाटकापर्यंत पोंचवीत असे. मी निवृत्त झाल्यावरही कित्येक दिवस तो साडेदहाला फाटकाशीं जाऊन उभा राही आणि माझ्याकडे अशा नजरेनें पाही कीं, आपणच कामचुकारपणा करीत आहों असें मला वाटूं लागे. एका श्रावणांत त्याचें जेवण कमी झालें. पावसाळी हवा आहे, वयही झालें आहे, असें म्हणून आम्हीं तें मनावर घेतलें नाहीं. मग अंग गरम लागूं लागलें. आम्हीं हळदीचें दूध दिलें. आठव्या दिवशीं त्याच्या नाकांतून रक्त आलें, तेव्हां धांवपळ झाली. डॉक्टरांनीं त्याचा ओठ वर करून हिरड्या दाखविल्या. चुना दिलेल्या भिंतीसारख्या त्या पांढऱ्या झाल्या होत्या. "चार दिवस आधीं आणायला हवा होता," एवढेंच ते म्हणाले. त्या बोलण्यांत ठपका नव्हता, आणि म्हणूनच तें अधिक लागलें. दुसऱ्या दिवशीं पहांटें मोती गेला.

त्याला झाला होता तो गोचिडांचा ताप. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड रक्त पितां पितां एर्लिकिया नांवाचे सूक्ष्म जंतु त्याच्या शरीरांत सोडते. कधीं कधीं गोचिडींच्या द्वारां बॅबेसिया नांवाचे परजीवीही शिरतात. पहिले पांढऱ्या पेशींत घर करतात, दुसरे तांबड्या पेशी फोडतात. ताप येतो, अन्नावरची वासना उडते, हिरड्या व जीभ फिकट पडते. रक्त गोठविणाऱ्या पेशी कमी होतात म्हणून नाकांतून रक्त येतें. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लीन हें साधें औषध आहे; तें सुमारें चार आठवडे नेमानें द्यावें लागतें. बॅबेसियावर निराळें औषध आहे. गोचिडीची एकेक मादी भिंतीच्या फटींत हजारों अंडीं घालते, यास्तव कुत्र्याचें अंग साफ करून भागत नाहीं, त्याची निजण्याची जागाही साफ करावी लागते. ही सारी माहिती मला मोती गेल्यावर मिळाली. ती मी अनेकदां वाचली. आणि प्रत्येक वेळीं मला ते हळदीच्या दुधाचे दिवस आठवले.

घरांत ठराव झाला कीं, पुन्हां कुत्रें पाळावयाचें नाहीं. हा ठराव पत्नीनें मांडला आणि मीं त्याला अनुमोदन दिलें. मोतीची वाटी माळ्यावर गेली, साखळी पेटींत गेली. महिन्याभरानें एका स्नेह्यानें चांगल्या जातीचें पिलूं देऊं केलें. हेतु चांगलाच होता, पण पत्नी म्हणाली, "मोती म्हणजे काय फुटलेली कपबशी होती, कीं तिच्या जागीं दुसरी आणावी?" स्नेही गप्प बसले, आणि आम्ही कांहीं दिवस त्यांच्याकडे गेलों नाहीं.

शहाद्याहून जवळच, तापीच्या कांठीं, सारंगखेडें आहे. तेथें एकमुखी दत्ताचें मंदिर आहे. आणि मार्गशीर्षांतील दत्तजयंतीपासून तेथें जी यात्रा भरते, तींतील घोड्यांचा बाजार दूरदूरच्या प्रांतांत प्रसिद्ध आहे. त्या वर्षीं नातवाला घोडे दाखवावे म्हणून आम्ही गेलों. घोडे पाहून झाले, पाळण्यांत बसून झालें, आणि परत येतांना बाजाराच्या कडेला एका मोडक्या गाड्याखालीं एक कुत्री पडलेली दिसली. वय वर्षा-दीड वर्षाचें असावें. कानांच्या आंत एरंडाच्या बियांसारख्या टपोऱ्या गोचिडी चिकटल्या होत्या. आमच्या घरच्या तसबिरींत त्रिमुखी दत्ताच्या पायांशीं चार श्वान आहेत, आणि ते चार वेद आहेत असें मीं लहानपणापासून ऐकत आलों आहें. त्या तसबिरीला रोज हात जोडणारा मी, खरें सांगावयाचें तर, पुढें चालूं लागलों होतों.

नातवानें एका द्रोणांत पाणी आणून लांबूनच तिच्यापुढें सरकविलें. तिनें मान न उचलतां तें चाटलें, तेव्हां तिची जीभ दिसली. ती गुलाबी नव्हती. ज्वारीच्या पिठाच्या रंगाची होती. पत्नी जागच्या जागीं थांबली. "अहो," ती हळूच म्हणाली, "मोतीची अशीच झाली होती." आणि तिनें हात पुढें केला.

तो हात एका घोडेवाल्यानें अडविला. "काकू, असा हात लावूं नका," तो म्हणाला. आणि त्याचें बोलणें शंभर टक्के योग्य होतें. अनोळखी आजारी कुत्र्याला उघड्या हातानें शिवणें ही दया नव्हे, अविचार आहे. त्याला पिसाळीचा रोग असूं शकतो. लाळ गळणें, खालचा जबडा लोंबणें, गिळतां न येणें, चाल लडखडणें, विनाकारण अंगावर धांवणें किंवा अकारण सुस्त होणें, अशीं चिन्हें दिसलीं तर दूर राहून पशुवैद्यास कळवावें. चिन्हें नसलीं तरीही निर्धास्त राहूं नये. लुई पाश्चर यांनीं १८८५ सालीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यानें लस टोंचली, तेव्हांपासून चावल्यानंतर वेळींच उपाय करण्याची सोय झाली; परंतु रोगाचीं लक्षणें एकदां प्रगट झालीं म्हणजे माणूस वांचणें जवळजवळ अशक्य, हें आजही खरें आहे. कुत्रें चावल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं लस सुरू करावी. जखमेंत तिखट भरण्याची चाल आपल्याकडे अजून कोठें कोठें आढळते. आमच्या नंदुरबारची मिरची प्रसिद्ध आहे खरी, पण तिची जागा स्वयंपाकघरांत आहे.

त्या घोडेवाल्यानेंच जाड हातमोजे आणि जुनें गोणपाट दिलें. कुत्रीला त्यांत गुंडाळून आम्ही घरीं न जातां सरळ डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं तपासणी केली, रक्त पाहिलें. शंभर मिलिलिटर रक्तांत निरोगी कुत्र्याचें हिमोग्लोबिन साधारणपणें १२ ते १८ ग्रॅम असतें. हिचें ४ वर आलें होतें. "गुरुजी," डॉक्टर म्हणाले, "मी खोटी आशा देणार नाहीं. औषध आहे, पण औषधाला काम करावयास दिवस लागतात आणि हिच्यापाशीं तेवढे दिवस नाहींत. आधीं रक्त द्यावें लागेल. तें देऊनही हमी नाहीं. तुम्हीं नुकताच एक गमावला आहे, तेव्हां नीट विचार करा."

मी विचार करूं लागलों. खर्चाचा विचार आला, तो कबूल केला पाहिजे. त्याहूनही मोठा विचार असा कीं, त्याच ओसरीवर, त्याच रोगानें, दुसरें मरण पाहण्याची ताकद आपल्यांत आहे काय? मी तो विचार करीत असतांना पत्नी म्हणाली, "हमी मोतीची तरी कोणी दिली होती?" मग विचार संपला.

माणसांप्रमाणेंच कुत्र्यांतही रक्ताचे गट आहेत. परंतु एक फरक असा कीं, ज्या कुत्र्याला पूर्वीं कधीं रक्त दिलेलें नाहीं, त्याला पहिल्या वेळीं दुसऱ्या कुत्र्याचें रक्त बहुधा सोसतें. तरीसुद्धां शक्य असेल तेथें मेळ पाहूनच तें देतात. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याचा राखणीचा कुत्रा धिप्पाड होता, आणि त्याच्या लसी झालेल्या होत्या. मीं भीत भीत विचारलें. शेजारी क्षणभर पाहत राहिले. "गुरुजी, कुत्र्याचें रक्त कुत्र्याला! हें प्रथमच ऐकतों," असें म्हणून त्यांनीं पपया वाहून नेणारा टेंपो काढला. परत आल्यावर त्यांनीं आपल्या कुत्र्याला दोन भाकरी जास्त घातल्या, आणि ही हकीकत तेच गांवभर अभिमानानें सांगत फिरले.

पुढें जून २०२४ मध्यें एक बातमी वाचून मला त्या टेंपोची आठवण झाली. उद्योगपति रतन टाटा यांनीं मुंबईच्या पशुरुग्णालयांत असलेल्या सात महिन्यांच्या एका कुत्र्यासाठीं समाजमाध्यमांतून जाहीर विनंति केली होती. त्यालाही गोचिडांच्या तापाचा संशय होता, आणि रक्त प्राणावर बेतण्याइतकें कमी झालें होतें. दाता कुत्रा १ ते ८ वर्षांचा, २५ किलोग्रॅम वा अधिक वजनाचा, लसी झालेला व निरोगी असावा, असें त्यांनीं लिहिलें होतें. मुंबईकरांनीं आपलीं कुत्रीं आणलीं, आणि टाटांनीं त्यांचे आभार मानले. त्याच वर्षीं ९ ऑक्टोबर रोजीं वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं ते निवर्तले. मुंबईंत परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभें आहे, तेथील पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासूनचें आहे, आणि महालक्ष्मीचें टाटांचें रुग्णालय २०२४ मध्यें सुरू झालें. आमच्या तालुक्यांत अशी सोय नाहीं. पण रक्त लागतें तें शेवटीं शेजाऱ्याच्या कुत्र्याचेंच, मग गांव लहान असो वा मोठें.

रक्त दिल्यानंतरही चौथी रात्र फार वाईट गेली. ताप उतरेना, ती मान टाकून पडली. पत्नी व मी आळीपाळीनें जागत होतों. मला वाटलें, यात्रेच्या गर्दींत ती शांतपणें गेली असती. आपण तिला उचलून आणली ती केवळ स्वतःच्या मनाच्या समाधानासाठीं. पांचव्या दिवशीं दुपारीं तिनें भाताची दोन शितें चाटलीं. आठवड्यानें ती उभी राहिली.

आतां जें सांगणार आहें तें सांगण्यासच मुख्यतः मी येथें आलों आहें. ती सुधारूं लागली तेव्हां मला आनंद झाला. पण त्या आनंदाच्या तळाशीं कांहींतरी कडू होतें. रोज सकाळीं अन्नाबरोबर गोळी देतांना ती गोळी जणूं मला विचारी, "मी तेव्हां कोठें होतें?" हीच गोळी वेळींच दिली असती तर कदाचित् मोती वांचला असता. आणि एके दिवशीं, ती पहिल्यानें शेंपूट हलवीत माझ्याकडे आली तेव्हां, मला तिचा राग आला. ज्या उपचारांवर मोतीचा पहिला हक्क होता, ते हिनें घेतले, असें कांहींतरी वेडेंवांकडें मनांत आलें. दोन दिवस मीं तें मनांत ठेविलें. तिसऱ्या दिवशीं पत्नीला सांगितलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "मलाही."

त्या रात्रीं मला महाभारतांतील महाप्रस्थानिक पर्वाची आठवण झाली. युधिष्ठिरानें कुत्र्यावांचून स्वर्गांत जाण्याचें नाकारलें, ही कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. तिचा एक भाग मात्र कमी ऐकिवांत येतो. वाटेंत द्रौपदी पडली, चारी भाऊ पडले, आणि युधिष्ठिर पुढें चालत राहिला. इंद्र त्याला विचारतो, ज्यानें भावांना सोडलें तो एका कुत्र्याला कां सोडीत नाहीं? त्यावर युधिष्ठिराचें उत्तर असें आहे कीं, मेलेल्यांना जिवंत करणें माझ्या हातीं नव्हतें. ते जिवंत असतां मीं त्यांना सोडलें नाहीं. हा कुत्रा जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाला आहे. मी हें उत्तर शाळेंत कितीतरी वेळां शिकविलें होतें. त्याचा अर्थ ओसरीवर बसून कळला. मोतीच्या बाबतींत माझी चूक झाली. ती तापीची सेवा करून फिटणार नाहीं. तशी फेड करूं म्हटलें तर या गरीब प्राण्याच्या डोक्यावर मीं एका मेलेल्याचें कर्ज ठेवल्यासारखें होईल. मोतीविषयीं जें वाटतें तें मोतीचेंच राहूं द्यावें, आणि हिला जें पाहिजे तें हिच्यासाठीं म्हणून द्यावें. हा हिशेब वेगळा केला तेव्हां राग गेला. दुःख राहिलें, पण त्याचा कोणाला उपद्रव उरला नाहीं.

मीं तिला तापी म्हटलें. तापीच्या कांठीं सांपडली म्हणून तापी. आणि ताप घेऊन आली म्हणूनही तापी. ती मोतीसारखी मुळींच नाहीं. मोती गडगडाटाला भीत असे, ही पावसांत जाऊन बसते. मोती माझ्यामागें फिरे, ही पत्नीच्या मागें. त्या रोगानें तिचा डावा डोळा गेला, म्हणून त्या बाजूनें कोणी आलें तर दचकते. आम्ही आतां नेहमीं उजवीकडून हांक मारतों. एकदां चुकून माझ्या तोंडून "मोती" अशी हांक गेली. तिनें मान वळविली नाहीं. मला वाईट वाटलें, आणि मग तिचें कौतुकही वाटलें. रोग पुन्हां उलटूं शकतो असें डॉक्टरांनीं बजाविलें आहे, म्हणून ठराविक काळानें रक्त तपासतों. ती किती वर्षें राहील हें आम्ही विचारीत नाहीं.

ज्यांच्या घरचें जनावर नुकतेंच गेलें आहे त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. दुसरें आणण्याची घाई करूं नये, आणि न आणण्याची शपथही घेऊं नये. आजारी जनावर आणावयाचें तर तें आधीं पशुवैद्याकडे न्यावें, मगच घरीं. पहिले कांहीं दिवस त्याला वेगळें ठेवावें. लहान मुलें व दुसरीं जनावरें लांब ठेवावीं. बरें वाटूं लागतांच लसी टोंचून घ्याव्या. पहिलें कुत्रें पार्व्हो या आंतड्यांच्या सांथीच्या रोगानें गेलें असेल, तर त्याचे विषाणु जागेंत महिनोन् महिने टिकतात. तेथें लस न झालेलें पिलूं आणणें म्हणजे जाणूनबुजून त्याचा बळी देणें होय. माणसांच्या तापाच्या व वेदनेच्या गोळ्या मनानें देऊं नयेत. त्यांतील कित्येक कुत्र्याला विषासारख्या आहेत. आणि खर्च, श्रम किंवा प्रकृति यांमुळें एखाद्याला तें जनावर घरीं आणतां येत नसेल, तर त्यानें लाज बाळगूं नये. एक द्रोण पाणी सरकविणारा आमचा नातू, हातमोजे देणारा घोडेवाला, टेंपो काढणारा शेजारी, यांपैकीं कोणींही तापीला घरीं नेलें नाहीं. पण त्यांच्यावांचून ती घरीं आली नसती.

मोतीची वाटी अजून माळ्यावरच आहे. तापी दुसऱ्या थाळींत जेवते.

श्रोतेहो, ज्यांच्या घरीं आज कुत्रें आहे, त्यांनीं हें भाषण संपल्यावर त्याला जवळ बोलवावें, त्याच्या कानांत पाहावें, आणि हलकेच ओठ वर करून हिरड्यांचा रंग पाहावा. बहुतेक कुत्र्यांच्या हिरड्या गुलाबी असतात. कांहींच्या जन्मतःच काळसर असतात, त्यांची जीभ पाहावी. रंग नेहमींचा असला तर त्याला थोपटून सोडून द्यावें. फिकट दिसला, तर हळदीचें दूध देत आठ दिवस थांबूं नये. उद्यां सकाळींच दवाखान्याची वाट धरावी. कोणी हसलें, तर हसूं द्यावें.